आईचं लक्ष कुठं होतं?



संपादकीयात या वेळी खेळण्यांविषयी लिहायचं ठरलं, तेव्हा आमच्याच गटात थोडी कुरबुर झाली. मारहाणीच्या केसेस तुंबल्या आहेत, सातबारावर बायकांची नावं लावण्याचं काम अर्धवट आहे, ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या प्रश्नावर दोन अंकांपासून लेख यायचा आहे, आणि आपण खेळण्यांवर काय लिहितो आहोत? हा तर ग्राहक मंचाचा विषय, बालरोगतज्ज्ञांचा विषय. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. मत बदललं ते वैजापूरच्या बैठकीत.

बैठक होती सातबाराच्या अर्जांची. तालुक्यातल्या चार-पाच गावांतल्या बायका आल्या होत्या. कांदालागवडीचे दिवस, त्यामुळे संध्याकाळची वेळ ठेवलेली. एक तरुण बाई उशिरा आली, कडेवर दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी. मुलगी किरकिर करत होती म्हणून कुणीतरी तिला बिस्किट पुढे केलं. आईने ते झटकन बाजूला केलं. "तिला चालत नाही. पातळच द्यावं लागतं." का, म्हणून विचारलं आणि मग त्या संध्याकाळी अर्ज भरायचे राहूनच गेले.

सप्ताहाच्या गर्दीत सासऱ्यांनी नातीसाठी एक खेळणं घेतलं होतं. कळ दाबली की लुकलुकणारं आणि गाणं म्हणणारं प्लास्टिकचं फुलपाखरू. किंमत तीस रुपये. पाठीवरचं झाकण नखानेही निघेल असं, आत नव्या रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल. चौथ्या दिवशी मुलगी लाळ गाळायला लागली, दूध ओकायला लागली. दात येत असतील, असं घरात ठरलं. रात्री जवळच्या डॉक्टरांनी घसा सुजल्याचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात फोटो काढला, त्यात गोल काहीतरी दिसलं. "रुपया गिळलाय, शौचावाटे पडेल," असं सांगून तिला घरी पाठवलं. संध्याकाळी पोरगी निपचित पडली तेव्हा गाडी करून संभाजीनगर गाठलं. तिथे दुर्बिणीतून सेल निघाला. पण तोवर अन्ननलिका आतून भाजली होती. जखम भरली ती आवळत भरली. आता दर काही आठवड्यांनी भूल देऊन नलिका रुंद करावी लागते. प्रत्येक खेपेला दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं, आणि ते सगळं होऊन पुन्हा पातळ पेज.

हे सगळं तिने न रडता सांगितलं. आवाज चढला तो एकाच ठिकाणी. "ताई, नवरा म्हणला, आत्याबाई म्हणल्या, दवाखान्यातली बाई म्हणली, येष्टीत शेजारी बसलेली पण म्हणली — आईचं लक्ष कुठं होतं? मी सांगते ना कुठं होतं. मोटारीला लाइट रात्री अकराला येती, तर आदल्या रात्री मी दारं धरायला होते. सकाळी धार, मग भाकरी, मग लागवडीला. पोरगी थोरलीजवळ होती. थोरली सात वर्षांची आहे."

खोलीत कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "आणि बापाचं लक्ष कुठं होतं, हे कुणी इचारलं का?"

त्या प्रश्नापासून हे संपादकीय सुरू होतं.



अपघात म्हटलं की आपण दैवावर सोडतो, आणि मूल म्हटलं की आईवर. मूल चुलीत हात घालो, हौदात पडो, औषध पिओ, पहिला बोभाटा आईच्या नावाने होतो. त्यातही मुलगा असेल तर ती सासरी राहील की माहेरी जाईल, इथपर्यंत गोष्ट जाते. आपल्या सल्ला केंद्रांवर येणाऱ्या किती बायकांच्या तक्रारींच्या तळाशी मुलाचं एखादं आजारपण, एखादा अपघात दडलेला असतो, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आता एक आकडा पाहा. अमेरिकेत विषबाधांची नोंद ठेवणारी केंद्रं आहेत. तिथल्या नोंदींचा अभ्यास 2010 साली 'पेडिॲट्रिक्स' या बालरोगाच्या मासिकात आला. सहा वर्षांखालच्या मुलांनी गिळलेल्या चपट्या सेलांपैकी जवळपास 62 टक्के सेल मुलांनी थेट एखाद्या वस्तूतून काढलेले होते. सुटे पडलेले सेल उचलून गिळल्याचं प्रमाण होतं सुमारे 30 टक्के. म्हणजे आईने घर कितीही झाडून ठेवलं, सेल कितीही उंच फळीवर ठेवले, तरी निम्म्याहून अधिक वेळा त्याचा उपयोग नव्हता. सेल वस्तूच्या पोटात होता आणि वस्तू मुलाच्या हातात. झाकण उघडलं ते मुलाने, पण ते उघडेल असं बनवलं कुणीतरी दुसऱ्याने. आणखी एक गोष्ट: जी मुलं दगावली, त्यांतल्या बहुतेकांनी सेल गिळताना कुणी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांपुढे आलेलं मूल म्हणजे लाळ गाळणारं, ओकणारं, न जेवणारं मूल. असं मूल दिवसाला पन्नास वेळा दारात येतं. चूक होते ती इथे.

सेलने नेमकं होतं काय, हे समजून घेतलं पाहिजे, कारण याबद्दल सुशिक्षित घरांतही गैरसमज आहे. सेल फुटून आतलं काहीतरी सांडतं आणि विष चढतं, असं वाटतं. तसं नाही. सेल ओल्या जागी अडकला की त्याच्या दोन बाजूंमधून वीज वाहते. लाळेतल्या पाण्याचं त्या विजेने कॉस्टिक सोडा म्हणतात तसल्या दाहक क्षारात रूपांतर होतं आणि तो सेलच्या ऋण बाजूला लागलेलं मांस जाळत जातो. 20 मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. सेल बाहेर काढल्यावरही भाजणं लगेच थांबत नाही. नळीला भोक पडून ते श्वासनलिकेत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत उघडू शकतं, कधी कधी तर सेल काढल्यानंतर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी. आणि सेल 'संपलेला' असला तरी सुटका नाही. रिमोट चालवायला जी वीज पुरत नाही, ती मांस जाळायला पुरते. आपल्याकडे संपलेला सेल मुलांना खेळायला देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

क्ष-किरण फोटोत सेल आणि नाणं सारखंच गोल दिसतं. नीट पाहिलं तर सेलच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ दिसतं, बाजूने काढलेल्या फोटोत पायरी दिसते. वैजापूरच्या त्या मुलीच्या बाबतीत ही पायरी कुणी पाहिली नाही. त्या डॉक्टरांना दोष देऊन आम्ही मोकळ्या होत नाही, पण गोल दिसलं म्हणजे नाणंच, असं गृहीत धरणं थांबलं पाहिजे, आणि हे सांगायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

सेल नाकात किंवा कानातही घातले जातात. नाकाच्या पडद्याला भोक पडायला काही तास पुरतात. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे तेलाचे थेंब. कृपा करून काहीही थेंब सोडू नका. ओल जितकी जास्त, तितकं भाजणं जास्त.



सेल सोडून बाकीच्या बारीक वस्तूंचा धोका वेगळा आहे. तिथे भाजणं नाही, तिथे श्वास कोंडतो. लहान मुलाची श्वासनलिका त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढी. त्यात बाहुलीचा डोळा, गाडीचं चाक, मणी, पिपाणीच्या तोंडातली शिट्टी, काहीही जाऊन बसतं. 2019 साली चिपळूणच्या एका तान्ह्या मुलीची गोष्ट वर्तमानपत्रांतून आली होती, ती काहीजणींना आठवत असेल. खोकला आणि ताप जाईना, म्हणून तिला मुंबईच्या वाडिया रुग्णालयात नेलं. तिथे तिच्या श्वासमार्गातून दुर्बिणीने जे निघालं तो खेळण्यातल्या मोबाइलचा एलईडी दिवा होता. वर्ष न झालेलं मूल बोलून काय सांगणार? पूर्ण अडकलं तर चार मिनिटांत खेळ संपतो, अर्धवट अडकलं तर महिनोन्‌महिने न्यूमोनियाची औषधं चालतात.

2017 साली आंध्रातल्या एलुरूमध्ये चार वर्षांचा एक मुलगा गेला. चिप्सच्या पाकिटात फुकट म्हणून टाकलेलं प्लास्टिकचं बारीक खेळणं त्याच्या घशात गेलं होतं. खाऊ समजून मुलगा पाकिटात हात घालतो आणि हाताला येईल ते तोंडात टाकतो, यात मुलाची चूक कसली? खाऊच्या पाकिटात खेळणं घालावं ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याने स्वतःच्या घरात लहान मूल कधी जेवताना पाहिलं होतं का?

फुगा तर आपण धोक्याच्या यादीत धरतच नाही. वाढदिवस, बारसं, शाळेचं संमेलन, फुग्याशिवाय काही होत नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलं दातांत धरून ओढतात, चोखतात, त्याचे छोटे फुगे करतात. रबर ओलं झालं की घशाला चिकटून बसतं, थापटी मारूनही निघत नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने फुग्याच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांबद्दल इशारा छापणं सक्तीचं केलं. आमच्याकडे फुगेवाला सुटे फुगे विकतो, पाकीटच नाही तर इशारा कुठे छापणार!

आणि जुन्या खेळण्यांचे गोडवे गाऊन आपण हात झटकू, असंही नको. पूर्वी चिंध्यांच्या बाहुल्या होत्या, सागरगोटे होते, सगळं कसं नैसर्गिक होतं, असं या चर्चेत कुणीतरी म्हणतंच. चिंचोका, सीताफळाची बी, हरभरा, मणी यांनी पूर्वीही मुलं गेली. आजही आपल्याकडच्या लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टर जे काढतात त्यात सर्वांत जास्त वेळा असतो साधा शेंगदाणा. फरक इतकाच, की शेंगदाणा मुलाला खेळायला म्हणून कुणी कारखान्यात बनवत नाही, त्यावर रंगीत चित्र छापत नाही. खेळणं मात्र त्याच्याच हातात द्यायला बनलेलं असतं. म्हणून बनवणाऱ्याची जबाबदारी वेगळी आणि जास्त.



कायदा नाही असं नाही. उशिरा आला, पण आहे. 2009 च्या जानेवारीत केंद्र सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत ती सैल केली. मग दहा वर्षं चालढकल. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळणी उचलून तपासली तेव्हा त्यातली सुमारे दोन तृतीयांश कसोटीला उतरली नाहीत. त्यानंतर 25 फेब्रुवारी 2020 रोजी खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. तो लागू झाला 1 जानेवारी 2021 पासून. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या कुठल्याही खेळण्यावर आयएसआय चिन्ह असलंच पाहिजे, मग ते देशात बनलेलं असो की बाहेरून आलेलं. साध्या खेळण्यांना आयएस 9873, विजेच्या किंवा सेलवरच्या खेळण्यांना आयएस 15644. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही भाग सुटून येऊन ठरावीक नळकांड्यात मावता कामा नये, आणि चपटा सेल हत्याराशिवाय निघता कामा नये. 2016 च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे, म्हणजे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारख्या धंद्यांवर थेट गदा नको. तेही योग्यच.

कागद चांगला आहे. आता त्या संध्याकाळी आम्ही काय केलं ते सांगतो. बैठकीला आलेल्या बायकांना म्हटलं, घरी जाऊन मुलांची खेळणी घेऊन या. अर्ध्या तासात सतरंजीवर ढीग झाला. त्यात आयएसआय चिन्ह असलेली दोन खेळणी निघाली. बाकीच्यांवर एक तर काहीच नाही, नाहीतर इंग्रजीत किंवा चिनी अक्षरांत काहीतरी. काहींवर तीन वर्षांखालच्या मुलाच्या चेहऱ्यावर आडवी फुली मारलेलं चित्र होतं. आम्ही विचारलं, याचा अर्थ काय? कुणी म्हणालं, लहान मुलांनी रडू नये. कुणी म्हणालं, लहान मुलांसाठीच आहे, म्हणून लहान मुलाचं चित्र. ही थट्टा नाही. हा इशारा ज्यांच्यासाठी छापला त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, हे छापणाऱ्यालाही माहीत असावं. पण छापलं की कारखानदार सुटला. 'तीन वर्षांवरील' असं बारीक अक्षरांत लिहिलं की बारीक भागांची कसोटी टळते आणि तेच फुलपाखरू दहा महिन्यांच्या पोरीच्या हातात जातं. शिवाय आपली घरं कशी असतात? एका खोलीत सहा वर्षांचा भाऊ, एक वर्षाची बहीण. त्याचं खेळणं तिच्या हाताला लागणार नाही, असं घर या तालुक्यात आम्ही पाहिलेलं नाही.

इथे आमच्या गटात वाद झाला, तोही लिहायला हवा. एकीचं म्हणणं, जत्रेत जाऊन अशी खेळणी विकणाऱ्यांना पकडून द्यायचं. दुसरी म्हणाली, खेळणी विकणारी कोण असते ते पाहिलंय का? ती आपल्यासारखीच, कडेवर पोर घेऊन उन्हात बसलेली, संध्याकाळपर्यंत दोनशे रुपये सुटले तर सुटले. तिला दोन लाखांचा दंड? पोलिसाला हप्ता देऊन ती सुटेल, एवढंच. आम्ही दुसरीच्या बाजूच्या आहोत. मात्र आपण काय विकतो आहोत हे तिलाही कळलं पाहिजे, कारण तिचं स्वतःचं पोर त्याच पाटीतल्या वस्तू तोंडात घालत असतं. कायद्याने सुरुवात जिथे माल पेटाऱ्यांनी उतरतो तिथून करावी: आयातदार, घाऊक व्यापारी, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या गोदामापर्यंत. 2023 च्या जानेवारीत मानक ब्यूरोने मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानांवर छापे घालून हजारो खेळणी जप्त केली, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या बड्या कंपन्यांना नोटिसा काढल्या. असं होऊ शकतं हे त्यातून दिसलं. वैजापूरपर्यंत त्यातलं काय आलं, हे सतरंजीवरच्या ढिगाने सांगितलं.

दुसरी मोठी फट अशी, की हा आदेश फक्त खेळण्यांना आहे. मुलाच्या हातात मात्र खेळण्यांइतक्याच इतर वस्तू येतात. टीव्हीच्या खोक्याचा, दिव्यांच्या माळेचा रिमोट, वजनकाटा, ताप मोजायचं यंत्र, दिवाळीतल्या पाण्यावर पेटणाऱ्या पणत्या, आणि लुकलुकणाऱ्या राख्या. भावाच्या मनगटावर बहीण जी बांधते, त्यात तीन बारीक सेल असतात आणि दोन दिवसांत तिचे तुकडे घरभर होतात. अमेरिकेत 2020 साली टेक्सासमधली रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधला सेल गिळून गेली. तिची आई गप्प बसली नाही. तिच्या मोहिमेतून 2022 मध्ये 'रीसचा कायदा' झाला. चपटा सेल असलेली वस्तू खेळणं नसली, तरी तिचं झाकण मुलाला उघडता येता कामा नये. ऑस्ट्रेलियाने असेच सक्तीचे नियम 2022 च्या जूनपासून लागू केले. तिथेही मागे लागणाऱ्या होत्या मुलं गमावलेल्या आयाच. 'आईचं लक्ष कुठं होतं' हे त्यांनाही ऐकावं लागलं असणारच.



आता तातडीचं. हे आपल्या प्रत्येक गटात, बचतगटाच्या बैठकीत, अंगणवाडीत करून दाखवा, नुसतं वाचून दाखवू नका.

घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीत मारू नका, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर मात्र क्षण दवडू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मागच्या भागाने पाच थापट्या द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पुन्हा थापट्या, पुन्हा दाब. वर्षाच्या वरचं मूल असेल तर पाठीत पाच थापट्या, मग त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी खाली जाते. पाय धरून उलटं टांगू नका. दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध झालं तर छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास द्यायचा असतो, तो डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षित नर्सकडून आधीच शिकून घ्या.

सेल गिळल्याचा नुसता संशय असेल तरी त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. थेट फोटो निघेल आणि दुर्बिणीने काढता येईल अशा ठिकाणी जा. ओकारी काढू नका, मिठाचं पाणी देऊ नका, केळं खाऊ घालू नका. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत, असं अमेरिकेतलं विषबाधा केंद्र 2018 पासून सांगतं. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो. मध हा उपचार नाही, दवाखान्यात पोचेपर्यंतचा आधार आहे. मध आणायला दुकानात थांबू नका. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. डॉक्टरांना स्वतः सांगा: "सेल असेल, नाणं समजू नका." जमलं तर तसलं दुसरं खेळणं किंवा सेलचं पाकीट सोबत न्या. लोहचुंबकाचे मणी गिळले असतील तर तेही असंच तातडीचं. दोन मणी आतड्याच्या दोन वेढ्यांत एकमेकांना चिकटतात आणि मधल्या आतड्याला भोक पडतं.

वैजापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण रात्री अकरा वाजता फोटो निघेल का, आणि गोल दिसलं तर पुढे संभाजीनगरला घाटीत न्यायला गाडी किती वेळात मिळेल, हा प्रश्न गटाने लेखी विचारायचं ठरवलं आहे. दोन तासांत भाजणारी वस्तू आणि पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरचं अंतर, हे गणित आईने कितीही लक्ष दिलं तरी बदलत नाही.



आणि सात वर्षांची थोरली. बैठकीत तिच्याविषयी फारसं कुणी बोललं नाही, म्हणून इथे लिहितो. ती शाळा बुडवून बहिणीला सांभाळत होती. सेलचं प्रकरण झाल्यापासून ती बहिणीला हात लावत नाही, असं आई म्हणाली. घरात तिलाही कुणीतरी विचारलं होतं, तुझं लक्ष कुठं होतं. आईवर येणारा दोष आपण उलगडून ठेवला तर तो असा खाली सरकत जातो. सर्वांत लहान बाईवर जाऊन थांबतो.

लहान मुलांना दिवसभर कुणी पाहायचं, हा प्रश्न चळवळीने जुन्या काळापासून लावून धरला. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून मजुरी द्यायची. किती कामांवर अशी बाई पाहिली, ते आपल्यातल्या ज्या त्या कामांवर गेल्या त्यांनीच सांगावं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. कांदालागवडीच्या टोळीला आस्थापना कोण म्हणतं? अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना काही तास बसवते. त्याखालचं मूल बांधावर, झोळीत, नाहीतर थोरलीच्या कडेवर. खेळण्यातला स्क्रू घट्ट करायला हवा, तसंच हे दिवसभराचं उघडं पडलेलं मूलही कुणीतरी सांभाळायला हवं. दोन्ही मागण्या आम्ही एकाच अर्जात लिहिल्या आहेत. कार्यालयात विचारतील, दोन वेगळे विभाग आहेत, दोन अर्ज करा. तर दोन करू.

वैजापूरच्या बायकांनी जाड पुठ्ठ्याची एक नळी केली आहे, आतून सुमारे 3.2 सेंटिमीटर रुंद. तपासणीतल्या नळकांड्याची रुंदी साधारण तेवढीच असते. जे त्यात मावतं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात नको. सप्ताहाच्या वेळी खेळण्यांच्या दुकानांशेजारी ही नळी घेऊन बसायचं त्यांनी ठरवलं आहे, खेळणीवाल्या बायकांशी आधी बोलून. सातबाराचे अर्ज पुढच्या बैठकीत भरायचे आहेत. येताना प्रत्येकीने घरातलं एक खेळणं आणायचं आहे. स्क्रू ड्रायव्हर आम्ही आणतो.